लिनक्स आणि मुक्तस्रोत साधनांवर रोजचे प्रोग्रॅमिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेब सेवा आणि त्यांच्यामागचे डेटाबेस सांभाळण्याचे माझे काम अनेक वर्षांपासून पूर्णपणे लिनक्सवर चालते. नव्याने रुजू झालेले सहकारी, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि मराठी मजकुरावर काम करणारे मित्र जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरांत डेबियन आणि उबुंटू या वितरणांचा, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांचा, उल्लेख अधिक येतो, कारण माझा रोजचा संबंध त्यांच्याशी आहे. फेडोरा किंवा आर्च वापरणाऱ्यांना कमांडची नावे बदलून यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

वितरणे इतकी आहेत की गोंधळ उडतो. सुरुवात कोणत्या वितरणाने करावी?

आपल्या कार्यालयातील सर्व्हरवर जे वितरण आहे, किंवा अडल्यावर ज्याला विचारता येईल असा माणूस जे वितरण वापरतो, ते घ्यावे. डेबियनची सुरुवात इयान मर्डॉक यांनी 1993 मध्ये केली आणि त्याच पायावर 2004 मध्ये उबुंटू उभे राहिले. त्यामुळे पॅकेज बसवण्याची पद्धत, फाइलींची मांडणी आणि सेवा चालवण्याची रीत या बाबतींत दोन्ही जवळजवळ सारखी आहेत, आणि एक शिकलेला माणूस दुसऱ्यावर अडत नाही. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. ऑगस्ट 2025 मध्ये आलेली तेरावी आवृत्ती ट्रिक्सी या नावाने ओळखली जाते. ज्या यंत्रावर पोटापाण्याचे काम करायचे आहे, त्यावर अशी दीर्घ मुदतीची आवृत्तीच असावी असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या, कमी मेमरीच्या लॅपटॉपवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप घ्यावेत.

कार्यालयाच्या लॅपटॉपवरून विंडोज काढता येत नाही. मग लिनक्स शिकायचे कसे?

विंडोजमध्येच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही सोय अशा वेळी पुरेशी आहे. तिच्या दुसऱ्या पिढीत हलक्या आभासी यंत्रात खरे लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चालते, त्यामुळे कमांड, पॅकेज आणि डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त कप्प्यांत चालवण्याचे साधन) यांचा सराव नीट होतो. एक काळजी मात्र घ्यावी. प्रकल्पाच्या फाइली विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून वापरल्या तर गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणे) दोन्ही फार मंद होतात. म्हणून कोड लिनक्सच्या बाजूच्या होम डिरेक्टरीतच ठेवावा.

टर्मिनलशिवाय, म्हणजे कमांड लिहून काम करण्याच्या पडद्याशिवाय, भागणार नाही का?

पत्रव्यवहार, ब्राउझर, दस्तऐवज यांसाठी सहज भागते. प्रोग्रॅमरचे मात्र भागत नाही, आणि भागवूही नये. सर्व्हरवर बहुधा खिडक्या नसतात. एसएसएच या दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याच्या साधनाने आत शिरल्यावर समोर फक्त टर्मिनल असते. शिवाय टर्मिनलमध्ये केलेले काम लिहून ठेवता येते, सहकाऱ्याला पाठवता येते आणि उद्या जसेच्या तसे पुन्हा करता येते. चाळीस लाख ओळींच्या लॉग फाइलमधून काल दुपारी दोन ते तीन या वेळेतील चुका काढणे, त्या पत्त्यानुसार मोजणे आणि सर्वांत जास्त वेळा आलेल्या दहा वर आणणे हे ग्रेप, ऑक, सॉर्ट आणि युनिक या चार लहान प्रोग्रॅमना पाइपने जोडून एका ओळीत होते. यांतील प्रत्येक प्रोग्रॅम एकच काम करतो आणि त्याचे उत्पादन पुढच्याच्या हाती देतो. ही रचना युनिक्समधून आली आहे, पन्नास वर्षांपूर्वीची आहे आणि आजही रोज उपयोगी पडते.

कमांड पाठ करण्याच्या मागे लागू नये. मॅन ही कमांड प्रत्येक साधनाची पुस्तिका उघडते आणि त्या पुस्तिकेत शब्द शोधण्यासाठी तिरकी रेघ दाबून शब्द लिहायचा असतो, एवढे माहीत असले की बाकीचे वापरातून येते.

पिप हे साधन वापरून पायथन भाषेचे पॅकेज टाकताना, हे पर्यावरण बाहेरून व्यवस्थापित आहे, अशी सूचना येऊन काम थांबते. असे का होते?

डेबियन 12 पासून आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही सूचना येते, आणि ती योग्य आहे. वितरणाची स्वतःची अनेक साधने पायथनमध्ये लिहिलेली असतात आणि ती वितरणाने दिलेल्या पॅकेजांवर अवलंबून असतात. आपण पिपने त्याच जागी एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती बसवली, तर आपला प्रोग्रॅम चालेल, पण प्रणालीचे एखादे साधन त्याच क्षणी मोडेल आणि ते कशामुळे मोडले हे महिनाभराने शोधावे लागेल.

उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रकल्पासाठी व्हेन्व या साधनाने वेगळे आभासी पर्यावरण, म्हणजे पॅकेजांची स्वतंत्र जागा, करावे आणि पॅकेज त्यातच टाकावेत. डेबियन आणि उबुंटूवर व्हेन्वचे पॅकेज वेगळे बसवावे लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एखादे तयार साधन सर्वत्र वापरायचे असेल तर पिपएक्स वापरावे. सूचना दाबून टाकण्याचा एक पर्यायही पिपमध्ये आहे आणि अनेक ठिकाणी तोच उपाय म्हणून सुचवलेला दिसतो. रोजच्या कामाच्या यंत्रावर तो मुळीच वापरू नये.

प्रोग्रॅम माझ्या संगणकावर चालतो, पण सर्व्हरवर चालत नाही. शोध कुठून सुरू करावा?

या प्रश्नामागे बहुधा चार-पाच ठरलेली कारणे असतात. विंडोजवर लिहिलेल्या शेल स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते आणि लिनक्स त्या चिन्हासकट इंटरप्रिटरचे (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे) नाव वाचतो, म्हणून फाइल डोळ्यांसमोर असूनही ती सापडत नाही असे सांगतो. फाइलच्या नावातील लहान आणि मोठी रोमन अक्षरे लिनक्सला वेगळी असतात, तर विंडोजला आणि मॅकला सहसा वेगळी वाटत नाहीत. सहकाऱ्याच्या यंत्रावर नीट चालणारा इम्पोर्ट (दुसरी फाइल प्रोग्रॅममध्ये आणणारी ओळ) सर्व्हरवर पडतो तो यामुळे. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या कामाला आपल्या लॉगिनच्या वेळचा पाथ (कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी) मिळत नाही, अगदी मोजक्या डिरेक्टरींचा मिळतो, म्हणून हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री कमांड सापडत नाही म्हणून थांबते. आणि सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असते. रात्री दोन वाजता चालावा म्हणून लावलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो आणि नऊच्या सुमारास लोक कामाला बसतात तेव्हा डेटाबेस धिमा का झाला आहे, हे कोणालाच कळत नाही.

यापैकी काहीच नसेल, तर अंदाज बांधण्याऐवजी पाहावे. सिस्टमडीने, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवलेल्या सेवेची सर्व बडबड जर्नल या नोंदवहीत जमा होते. त्या एका सेवेची, ठरावीक वेळेपासूनची नोंद जर्नलसीटीएलने काढता येते. तेथेही कारण दिसले नाही तर एसट्रेस वापरावे. प्रोग्रॅमने कर्नलकडे काय काय मागितले आणि कर्नलने काय उत्तर दिले, हे एसट्रेस ओळीओळीने दाखवतो. एका सेवेच्या बाबतीत आमची अडचण अशी होती की सेटिंग बदलूनही तिच्या वागण्यात फरक पडत नव्हता. एसट्रेस लावल्यावर दिसले की प्रोग्रॅम प्रथम एका वेगळ्याच डिरेक्टरीत सेटिंगची फाइल शोधतो, तेथे त्याला कोणीतरी कधीकाळी ठेवलेली जुनी प्रत सापडते, आणि आम्ही बदलत असलेली फाइल तो उघडतच नाही. ती एक ओळ वाचल्यावर दुरुस्ती मिनिटभरात झाली.

मला लिनक्सवर काम करावेसे वाटते ते याच कारणाने. अडचणी येथेही येतात, कधी कधी जास्त येतात, पण कोणत्याही अडचणीच्या मुळापर्यंत जाण्याची वाट बंद केलेली नसते. प्रोग्रॅम काय करतो ते पाहता येते, त्याचा स्रोत वाचता येतो, आणि जो भाग चुकला आहे तो बदलून पाहता येतो.

लिनक्सवर मराठी लिहिण्यासाठी काय करावे लागते?

फारसे नाही. इन्स्क्रिप्ट ही टंकलेखनाची मांडणी येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी मांडणी जोडावी, एवढे पुरते. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहायचे असेल तर आयबस आणि त्याचे एम17एन पॅकेज बसवावे. त्यात मराठीच्या अनेक पद्धती मिळतात. मी इन्स्क्रिप्टचीच शिफारस करतो, कारण ही मांडणी भारताची प्रमाण मांडणी आहे, ती विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तयार मिळते, आणि ती येणाऱ्याला कोणत्याही परक्या यंत्रावर अडावे लागत नाही.

फॉन्टच्या बाबतीत आता चांगले दिवस आहेत. नोटो देवनागरी आणि लोहित बहुतेक वितरणांत उपलब्ध असतात; लोहितची देखभाल रेड हॅटच्या पुण्यातील लोकांनी बराच काळ केली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता आणि मुंबईच्या आयआयटीतून आलेला शोभिका हे दोन्ही मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत. पडद्यावर वाचण्यासाठी मुक्ता आणि छापायच्या ग्रंथासाठी शोभिका मला अधिक आवडतो. जोडाक्षरे योग्य जागी बसवण्याचे काम हार्फबझ नावाची मुक्तस्रोत लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) करते; फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड यांत तीच आहे. टर्मिनलमध्ये मात्र मराठी अजून नीट दिसत नाही, कारण बरीच टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा चौकोन देतात आणि त्यात वेलांटी किंवा जोडाक्षर फुटते. मजकूर बिघडलेला नसतो. तीच फाइल खिडकीवाल्या संपादकात उघडली की अक्षरे जागेवर दिसतात.

मराठी मजकुरात शब्द दिसतो, पण शोधला की सापडत नाही. वर्णक्रमही चुकतो. दोष कोणाचा?

बहुधा कोणत्याच साधनाचा नसतो. डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द फाइलमध्ये वेगवेगळ्या रीतीने साठवला जाऊ शकतो आणि ग्रेप बाइट पाहतो, अक्षराचे रूप पाहत नाही.

डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ घ्या. त्यातील अर्धा र लिहिण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत युनिकोडमधील (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणातील) ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्टवर र च्या बटणासोबत शिफ्ट दाबले की हे चिन्ह येते. दुसऱ्या रीतीत साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त आणि य. तिसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडणारा म्हणजे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह, आणि मग य. पडद्यावर तिन्ही वेळा ‘दऱ्या’च उमटते. एका फाइलमध्ये तीन लोकांनी तीन साधनांतून लिहिलेला मजकूर असेल, तर कोणत्याही एका रूपाने शोध घेतल्यावर उरलेली दोन रूपे निसटतात. आणि अदृश्य चिन्ह गाळून टाकणारी एखादी सफाईची पायरी प्रोग्रॅममध्ये असेल, तर तिसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा थेट ‘दर्या’ होतो. म्हणजे अर्थच बदलतो.

युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे, विशेषतः त्याचे एनएफसी रूप, पहिल्या दोन रीती एक करते. तिसरीला ते हात लावत नाही. ती आपल्यालाच बदलून घ्यावी लागते. म्हणून मराठी मजकूर डेटाबेसमध्ये भरण्यापूर्वी एनएफसी करावे आणि र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हा क्रम आढळल्यास त्याऐवजी ऱ आणि हलन्त ठेवावेत, असा नियम आम्ही सर्व प्रकल्पांत पाळतो. ‘ॲ’च्या बाबतीतही असेच आहे. हे चिन्ह युनिकोडमध्ये 2008 साली आले; त्यापूर्वीच्या मजकुरात अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे असतात, आणि कोठे कोठे हिंदीतील ऍ असतो. एनएफसी या रूपांना एकत्र आणत नाही.

लांबीचाही प्रश्न येतो. यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वर’ या नावात हलन्त आणि मात्रा धरून 10 चिन्हे आहेत, म्हणजे 30 बाइट. रकान्याची मर्यादा 30 बाइटची ठेवली असेल तर नावानेच ती संपते आणि आडनावाला जागा उरत नाही. अशी मर्यादा ओलांडणारा मजकूर बाइटच्या हिशेबाने मध्येच कापला, तर शेवटी अर्धवट चिन्ह उरते आणि पुढचे साधन ती फाइलच नाकारते. मर्यादा चिन्हांत ठरवावी, आणि वापरकर्त्याला दिसणारा मजकूर कापायचा असेल तर अक्षरसमूह ओळखणारी आयसीयूसारखी लायब्ररी वापरावी.

वर्णक्रमाचे म्हणाल तर, युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. चिन्हांच्या क्रमांकावरून लावलेली यादी म्हणून मराठी वाचकाला चुकीची वाटते. सॉर्ट किंवा डेटाबेस वापरताना मराठीचा लोकेल (भाषेची सेटिंग) किंवा कोलेशन (वर्णक्रमाचा नियम) स्पष्टपणे सांगावे आणि ळ, क्ष, ज्ञ यांनी सुरू होणारे किंवा ते असलेले शब्द घालून एक छोटी चाचणी कायमची लिहून ठेवावी.

श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो का?

येतो. अशा फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्टमुळे ते देवनागरी दिसतात. प्रत्येक फॉन्टसाठी संकेतांची जुळणी करणारा तक्ता आणि त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी व रफार योग्य जागी सरकवणारी पायरी लागते. मुद्रणालयांकडे असा मजकूर मोठ्या प्रमाणावर पडून आहे. केवळ छापील प्रत उरली असेल तर टेसरॅक्ट हे मुक्तस्रोत साधन मराठी ओळखते. स्वच्छ छपाई नीट स्कॅन केली तर त्याचा उपयोग होतो, पण मुद्रितशोधन माणसानेच करावे.

माझ्या लॅपटॉपवर सर्व काही चालेल याची खात्री आहे का?

खात्री नाही. विकत घेण्यापूर्वी त्या मॉडेलचे नाव आणि लिनक्स असे शोधून पाहावे आणि शक्य असेल तर यूएसबीवरून थेट चालणारी प्रत लावून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झोपेतून जागे होणे या चार गोष्टी तपासाव्यात. झोपेची अडचण सर्वांत चिवट असते, कारण तिचे मूळ पुष्कळदा यंत्राच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये, असते. फर्मवेअरच्या नव्या आवृत्त्या एफडब्ल्यूअपडी या साधनाने लिनक्समधूनच घेता येतात, जर उत्पादक त्या देत असेल. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांची परिस्थिती 2022 मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग मुक्त केल्यापासून सुधारली आहे. प्रिंटर घेताना ड्रायव्हरशिवाय चालणारा, म्हणजे आयपीपी किंवा एअरप्रिंट समजणारा घ्यावा.

कार्यालयीन दस्तऐवज आणि सरकारी पोर्टल यांचे काय?

लिबरऑफिस रोजच्या पत्रांना, अहवालांना आणि साध्या तक्त्यांना पुरेसे आहे. ज्यात मॅक्रो भरलेले आहेत अशा एक्सेल फाइली आणि फार नाजूक मांडणीचे वर्ड दस्तऐवज मात्र बिघडू शकतात. त्यांच्यासाठी सहकाऱ्यांशी देवाणघेवाणीचे स्वरूप आधी ठरवून घ्यावे. ब्राउझरमधून होणारे बँकेचे व्यवहार नीट होतात. खरी अडचण डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनची आहे, कारण काही पोर्टलांची स्वाक्षरी करणारी साधने फक्त विंडोजसाठीच दिलेली असतात. निविदा भरणाऱ्या लहान व्यावसायिकांना यासाठी एक विंडोज यंत्र किंवा आभासी यंत्र ठेवावे लागते. नागरिकाने सरकारशी व्यवहार करताना एका विशिष्ट कंपनीची प्रणाली विकत घ्यावी लागू नये असे मला मनापासून वाटते, आणि जेथे जेथे अभिप्राय देण्याची सोय असते तेथे आपण सर्वांनी हे लेखी कळवले पाहिजे.

स्रोत सर्वांना उघडा असेल तर तो असुरक्षित नाही का?

उघडा असल्याने आपोआप सुरक्षितही होत नाही आणि असुरक्षितही होत नाही. पाहणारे कोणीतरी असावे लागते. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष सुमारे दोन वर्षे उघड्या कोडमध्ये पडून होता आणि एप्रिल 2014 मध्ये जाहीर झाला.

याहून महत्त्वाची घटना एक्सझेडची. फाइली दाबून लहान करणारी ही लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते आणि तिची देखभाल प्रामुख्याने एकच माणूस फावल्या वेळात करत होता. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणी एकाने दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी दुरुस्त्या पाठवून विश्वास मिळवला, देखभालीचे अधिकार मिळवले आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट घातली. ती घालण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. दोष कार्यान्वित करणारा भाग गिटमध्ये नव्हताच. प्रकाशित केलेल्या संकुचित फाइलीतच तो होता, आणि बाकीचा भाग चाचणीच्या नमुना फाइलींत लपवलेला होता. एसएसएच स्वतः ही लायब्ररी वापरत नाही. काही वितरणांनी सिस्टमडीला सूचना देण्यासाठी एसएसएचमध्ये जी जोडणी केली होती, तिच्यामार्फत ती आत येत होती.

हे उघडकीला आले ते 29 मार्च 2024 रोजी. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर शाखेवर वेग मोजत होते. एसएसएचचे लॉगिन नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त घेते आणि प्रोसेसरही जास्त खाते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते तसेच सोडले नाही. शोध घेत ते लायब्ररीच्या आतपर्यंत गेले आणि जे सापडले ते सर्वांसमोर मांडले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत हा कोड पोहोचला नव्हता. अर्ध्या सेकंदाचे कारण शोधणारा माणूस आणि ते शोधता येईल अशी मोकळीक, दोन्ही असल्यामुळे हे घडले. बंद सॉफ्टवेअरमध्ये तोच माणूस उत्पादकाकडे तक्रार नोंदवून थांबला असता.

आपल्या पातळीवर यातून घ्यायचे ते असे: पॅकेज वितरणाच्या रेपॉझिटरीतून (अधिकृत साठ्यातून) घ्यावे, अवलंबित्वांच्या, म्हणजे आपला प्रोग्रॅम वापरत असलेल्या लायब्ररींच्या, आवृत्त्या लॉक फाइलमध्ये बांधाव्यात, आणि एखादी चार ओळींची सोय हवी म्हणून नवी लायब्ररी जोडू नये. सर्व्हरवर सुरक्षा दुरुस्त्या आपोआप लागतील अशी व्यवस्था करावी.

कंपनीच्या उत्पादनात मुक्तस्रोत कोड वापरता येतो का?

येतो, परवाना वाचून. एमआयटी, बीएसडी आणि अपाची परवान्यांत मुख्य अट मूळ लेखकाची व परवान्याची नोंद कायम ठेवण्याची असते. अपाचीत पेटंटबाबतही तरतूद आहे. जीपीएलचा कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळून तो प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला, तर स्रोतही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. केवळ स्वतःच्या कार्यालयात वापरला तर ही अट लागत नाही. एजीपीएलमध्ये बदल केलेला प्रोग्रॅम इंटरनेटवरून वापरू दिला तरी वापरणाऱ्यांना स्रोत उपलब्ध करून द्यावा लागतो, म्हणून वेब सेवा बनवणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. ते बसवून देणाऱ्या आणि ग्राहकाच्या गरजेनुसार बदलून देणाऱ्या अनेक लहान कंपन्या त्यावर व्यवसाय करतात. परवाना त्यांना पैसे घेण्यापासून अडवत नाही. बदललेला कोड ज्या ग्राहकाला दिला, त्याला तो वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुढे देण्याचा अधिकार राहतो, एवढेच तो सांगतो. सेवा चांगली असेल तर ग्राहक टिकतो.

ज्यावर आमचे सर्व काम अवलंबून आहे त्याचा परवानाच बदलला तर?

असे घडते. टेराफॉर्म या सर्व्हरची व्यवस्था कोडमधून उभारणाऱ्या साधनाचा परवाना ऑगस्ट 2023 मध्ये बदलला आणि त्यातून ओपनटोफू निघाले. रेडिस या डेटाबेसचा मार्च 2024 मध्ये बदलला आणि व्हॅल्की निघाले. रेडिसने पुढे 2025 मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला. आधी प्रकाशित झालेल्या आवृत्त्यांचा मुक्त परवाना मागे घेता येत नाही, म्हणून फाटा काढून, म्हणजे त्या कोडची स्वतंत्र प्रत वाढवत, पुढे जाता येते. प्रकल्प निवडताना त्याचा मालक एकच कंपनी आहे की योगदान देणारे अनेक ठिकाणचे आहेत, हे पाहण्याची सवय लावावी. पोस्टग्रेस कोणा एका कंपनीचा नाही, हे तो निवडण्याचे माझ्यासाठी एक मोठे कारण आहे.

पैशाचाही विचार करावा. आपली कंपनी ज्या लायब्ररीवर चालते तिच्या देखभालीला वर्षातून काही रक्कम देणे ही खर्चाची साधी बाब मानावी. झीरोधा या शेअर दलाली कंपनीने 2024 मध्ये यासाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला. लहान कंपन्यांनाही आपापल्या मापाने हे करता येते.

इंग्रजी कच्चे आहे. मराठीतून शिकण्याची सोय आहे का?

मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य आहेत. विद्यार्थ्यांनी पाठ ऐकताना शेजारी टर्मिनल उघडून प्रत्येक पायरी स्वतः करावी. पुण्यात पुणे लिनक्स यूझर्स ग्रुप पूर्वीपासून आहे. अशा ठिकाणी प्रत्यक्ष भेटून मराठीतून प्रश्न विचारता येतात.

मी अजून तज्ज्ञ नाही. तरी योगदान देता येईल का?

येईल, आणि सुरुवात बगच्या चांगल्या अहवालाने करावी. देखभाल करणाऱ्याला आपल्या यंत्रावर तोच दोष घडवून पाहता आला तर अर्धे काम झाले असे समजावे. म्हणून प्रोग्रॅमची आणि वितरणाची आवृत्ती, नेमक्या पायऱ्या, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे एवढे लिहावे. एका अहवालात एकच दोष असावा. आणि तोच दोष आधी कोणी नोंदवला आहे का हे शोधावे. दोष पूर्वीच्या आवृत्तीत नव्हता हे माहीत असेल तर गिट बायसेक्ट वापरून तो कोणत्या बदलाने आला ते काढता येते. दर पायरीला शिल्लक बदल निम्मे होतात, त्यामुळे हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो, आणि ही चाचणी करायला कोड समजावा लागतोच असे नाही.

मराठी भाषकांना एक काम खास आपल्याकडचे आहे. ऱ्य आणि ऱ्ह फुटून दिसणे, ॲ च्या जागी चौकोन येणे, शब्द चुकीच्या जागी तुटून पुढच्या ओळीत जाणे, असे दोष मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रॅमरला दिसूच शकत नाहीत. त्यांचा अहवाल देताना शब्द मजकूर म्हणून द्यावा, त्यातील चिन्हांचे युनिकोड क्रमांक ओळीने लिहावेत, फॉन्टचे नाव व आवृत्ती द्यावी, आणि बिघडलेले व योग्य रूप अशी दोन चित्रे शेजारी शेजारी जोडावीत. दोष फॉन्टचा आहे की प्रोग्रॅमचा हे कळण्यासाठी तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहून त्याचा निकालही लिहावा. लिबरऑफिसच्या मराठी भाषांतरासाठी वेबलेट हे ब्राउझरमधून चालणारे साधन आहे. त्यात एकेक वाक्य घेऊन काम करता येते आणि अपूर्ण वाक्यांची यादी तेथेच दिसते.